अकराचा पंखा आणि तेराचा पंखा

प्रश्न असा होता : होडी तीच, इंजिन तेच आणि पेट्रोलही तेच ठेवून इंजिनाचा पंखा तेवढा बदलला, तर माणसांनी भरलेल्या होडीला कोणता पंखा कमी पेट्रोलमध्ये दूर नेतो?

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नागपुरात हा प्रश्न कोणाला पडावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सत्तरच्या दशकात मी ज्या सरकारी कार्यशाळेत कनिष्ठ तांत्रिक सहायक म्हणून रुजू झालो, तिच्याकडे वैनगंगा आणि कन्हान यांच्या काठच्या गावांसाठी ठेवलेल्या पूर-होड्यांची देखभाल होती. उन्हाळ्यात इंजिने उघडायची, चालवून पाहायची आणि पावसाळ्याच्या आत होड्या तालुक्यांना पोचवायच्या, असे ते काम. कागदोपत्री ते आम्हा नऊ जणांचे होते. प्रत्यक्षात ते एका माणसाच्या डोक्यात चाले.

हजेरीपटावर ते मेकॅनिक होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते. उमरेडच्या एका विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला, शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि छप्पन साली वडिलांचे बोट धरून त्यांनी नागपुरात दीक्षा घेतली. मी डिप्लोमा घेऊन आलो होतो आणि मला बरेच काही येते, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी मी एका इंजिनाकडे पाहून म्हणालो, "हे इंजिन चांगलं आहे."

मास्तरांनी हातातला पाना खाली ठेवला. "कोणत्या कामाले चांगलं, बाबू?"

"म्हणजे... एकूणच."

"एकूण म्हणजे कोणतं काम? सांगजो मले. दहा वर्षं झाली, मी ते काम शोधून राहिलो."

'चांगला' हा शब्द त्यांनी एकटा कधीच वापरला नाही. चहा चांगला असला तर तो 'सकाळच्या पहिल्या कपाले चांगला' असे. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरापासून कार्यशाळेपर्यंत यायला दोन रस्ते होते. कोणता जवळचा, हे त्यांना कोणी विचारले, तेव्हा त्यांनी महिनाभर सायकलच्या पायडलाचे फेरे मोजले आणि उत्तर दिले ते असे : सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, कारण संध्याकाळी वारा समोरून येतो. विचारणारा गृहस्थ तोवर आपला प्रश्न विसरून गेला होता.

उमरेडला आईकडे जाताना एस.टी.मध्ये ते काठोकाठ पाण्याने भरलेला तांब्या हातात धरून बसत. कोणत्या बाकावर कमी धक्के लागतात, हे सांडलेल्या पाण्यावरून ठरवण्याचा तो प्रयोग होता. एकदा मी त्यांच्यासोबत होतो. पुढचा माणूस दोनदा भिजला, तेव्हा कंडक्टर वैतागून म्हणाला, "मास्तर, तहान लागली असन तर पिऊन टाका ना गा!"

"पेलो तं माप जाईन," मास्तर शांतपणे म्हणाले आणि पुढच्या थांब्यावर एक बाक मागे सरकले.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. त्या अतिशय स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. एकदा मी घरी गेलो, तर मास्तर स्वयंपाकघरात स्टोपुढे घड्याळ घेऊन उकिडवे बसलेले. झाकण ठेवून आणि झाकण न ठेवता वरण शिजायला किती रॉकेल लागते, हे पाहणे चालू होते.

"बाबू, तुम्हीच सांगा यायले," वहिनी म्हणाल्या. "तीन दिवस झाले, घरात एकच वरण दोन येळा शिजून राहिलं. पोरं म्हणतात, आई, आज झाकणाचं की बिनझाकणाचं?"

"अवं, चवीत फरक हाय का तेही ईचार त्यायले," मास्तर मान न वळवता म्हणाले.

आता पंख्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला, की तो ठरावीक अंतर आत जातो. पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर होडीचा पंखाही दर फेऱ्याला असाच ठरावीक अंतर पुढे गेला असता. त्या अंतराला पीच म्हणतात. आमच्याकडे नमुन्यादाखल दोन पंखे आले होते. एकाचा पीच अकरा इंच, दुसऱ्याचा तेरा. कार्यशाळेत त्यांची नावे 'अकरा' आणि 'तेरा' एवढीच पडली. लांब ढांगा टाकणारा माणूस रिकाम्या हाताने सपाटीवर पुढे निघून जातो, पण डोक्यावर ओझे आणि समोर चढ असला की त्यालाच आधी धाप लागते. तेराची ढांग लांब, अकराची आखूड. कोणाची निवड करावी, हे म्हणूनच ओझ्यावर अवलंबून असते. किती ओझ्याला कोण जिंकतो, हे मात्र मोजल्यावाचून कळत नाही.

त्या वर्षी सगळ्या पूर-होड्यांसाठी एकाच प्रकारचे नवे पंखे मागवायचे ठरले होते. आमच्या साहेबांनी अंबाझरीच्या तलावावर दोन्ही पंखे लावून फेरी मारली. होडीत ते स्वतः आणि मास्तर एवढेच होते. तेराने होडी अशी सुटली, की साहेबांची टोपी उडून पाण्यात पडली आणि त्यांचे मत जागच्या जागी झाले.

"तेरा! बस, लिहून टाका."

"साहेब, पुरात होडीत दोन माणसं नसतात," मास्तर म्हणाले. "आठ असतात, दहा असतात, वरून एखादी शेळी असते. भरून पाह्यल्याबिगर मी नाही लिहीत."

साहेबांनी चार दिवस दिले. मागणीपत्र सोमवारी मुंबईच्या पुरवठादाराकडे निघणार होते आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे त्यानंतर बदल करण्यास वाव नव्हता. मास्तर जे लिहून देतील, तोच पंखा त्या पावसाळ्यात प्रत्येक होडीच्या मागे फिरणार होता.

प्रयोगाची मांडणी त्यांनी ज्या रीतीने केली, तिचा मला आजही अभिमान वाटतो. जमीन मोजायची जरीब टाकून बांधालगत अंतर मोजले आणि दोन्ही टोकांना झेंडे रोवले. वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून प्रत्येक फेरी जातानाची आणि येतानाची अशी धरायची. टाकीऐवजी खुणा केलेल्या काचनळीतून इंजिनाला पेट्रोल द्यायचे. ती नळी मी माझ्या जुन्या कॉलेजातून मागून आणली. आठ माणसांच्या वजनाइतकी वाळू पोत्यांत भरून, लाकडाच्या टालीवरच्या, म्हणजे वखारीतल्या, मोठ्या काट्यावर तोलून होडीत ठेवली. सकाळी तेरा लावून सहा फेऱ्या, दुपारी अकरा लावून सहा फेऱ्या. होडी जुनी असल्यामुळे तळाशी पाणी झिरपे. प्रत्येक फेरीनंतर ते डब्याने उपसून टाकण्याचे काम माझे होते आणि मी ते थेंब न थेंब काढून करत असे.

निकाल तेराच्या बाजूने लागला. फरक थोडा होता, पण सहाही फेऱ्यांत तो त्याच बाजूला झुकला. मास्तरांना तो पटला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. भरलेल्या होडीत तेरा लावल्यावर इंजिन घुमत होते, धूर काळा येत होता. त्यांच्या कानाने वेगळे सांगितले होते. मी म्हणालो, "मास्तर, आकडे तर हेच म्हणतात."

"हाव," ते म्हणाले. "कानाचं मी आकड्यापुढं नाही चालू देत." आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात अहवाल लिहून सही केली. साहेब खूश झाले. कार्यशाळेत फोरमनची जागा रिकामी होती आणि ती मास्तरांना मिळणार, असे त्या दिवशी सगळेच उघड बोलू लागले.

शनिवारी सकाळी पोती तलावावरून परत आणायची होती. शेषराव नावाचा आमचा हमाल होता. अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून. चौकीदाराच्या शेडमधून एकेक पोते पाठीवर टाकत तो म्हणाला, "मास्तर, तुमची पोती मोठी नखऱ्याची गा! त्या दिवशी सांजच्याला म्हशीवानी झाली होती. मी अन् चौकीदार, दोघायले एक उठे ना. आज पाहा, कोंबडीवानी उचलून राहिलो."

मी हसलो. मास्तर हसले नाहीत.

"सकाळी कशी होती?" त्यांनी विचारले.

"सकाळी अशीच. कोंबडी."

मास्तर जवळच्या पोत्याशी वाकले आणि त्याच्या बुडाला हात लावला; ते अजून ओलसर होते. मग उन्हात, धुळीत, ते तसेच खाली बसले. "काय झालं गा, चक्कर आली का?" शेषराव म्हणाला.  ते माझ्याकडे पाहून बोलले, "बाबू, तू पाणी उपसत होता. पोत्यानं पेलेलं पाणी कोण उपसत होतं?"

तेव्हा माझ्या लक्षात आले. होडीच्या तळाशी झिरपणारे पाणी मी बाहेर काढत होतो, पण दर फेरीत त्यातले काही वाळूने आधीच शोषून घेतलेले असे. सकाळी तेराच्या वेळी पोती जवळजवळ कोरडी होती. दुपारी अकराची पाळी आली, तोवर ती भिजून जड झाली होती. आम्ही अकरावर जास्त ओझे लादले होते आणि दोघांची बरोबरी केली, असे लिहून दिले होते. संध्याकाळी पोती पुन्हा तोलायची, असे मास्तरांच्या मनात होते. पण टाल बंद झाली होती आणि त्या एका दिवशी त्यांनी ते राहू दिले.

"माहा बाप विणकर होता," ते म्हणाले. "सुताचा व्यापारी ओलं सूत तोलून देत होता. बाप ते घरी आणून वाळवे अन् पुन्हा तोले, मंगच मागावर घे. मी पाच वर्षांचा होतो तवापासून पाहून राहिलो, ओलं सूत जड असते म्हणून. अन् वाळूचं इसरलो."

मी हळूच म्हणालो, "मास्तर, फरक थोडासाच आहे. कोणाला कळणार?"

हे वाक्य मी उच्चारले, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी माझ्यावर राग काढला नाही. ते एवढेच म्हणाले, "होडीत जो बसन त्याले कळन ना बाबू. मधात, पाण्यात."

ते तडक साहेबांच्या बंगल्यावर गेले. मी मागे होतो. साहेब व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. मास्तर उभ्याउभ्याच म्हणाले, "साहेब, माहा अहवाल चुकीचा हाय. मागणी थांबवा."

"अरे भाई, गुरुवारी तर तुम्ही सही करून दिलीत!"

"हाव, दिली. ते सकाळी कोरड्या पोत्यायनं झालं अन् दुपारी ओल्या पोत्यायनं. तो हिशेब फाटला."

"मग खरा पंखा कोणता?"

"ते मले माहीत नाही."

साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "माहीत नाही? अहो, गुरुवारी तेरा, शनिवारी माहीत नाही, सोमवारी काय सांगाल, हवा सोडणारा टेबलफॅन लावा? वर काय कळवू मी? फोरमनच्या जागेसाठी तुमचंच नाव लिहिलंय मी. आमच्या मेकॅनिकची पोती पाणी प्याली, असं त्या फाइलीत घालू?"

"घाला," मास्तर म्हणाले. "खरं हाय ते. पण मले उद्याचा दिवस द्या. अन् तुम्ही स्वतः या, होडीत बसायले. यावेळी वाळू नाही. माणसं."

माणूस पाणी शोषत नाही, हे त्यामागचे तत्त्व. मला वाटले, साहेब हाकलून देतील. पण त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि विचारले, "किती वाजता?"

रविवारी सकाळी सहाला आम्ही टालीवर जमलो. स्टोअरकीपर, शेषराव, तलावाचा चौकीदार, चहावाला, दोन फिटर, मी आणि साहेब. प्रत्येकाच्या कमरेला मोटारीची फुगवलेली ट्यूब. ट्यूबेसकट एकेकाला काट्यावर चढवले जात होते. टालवाल्याने साहेबांकडे पाहून हात जोडले.

"साहेब, वल्लं लाकूड अन् सरकारी माणूस, या दोघायचं वजन मी मोठ्यानं सांगत नसतो."

"सांग ना बे," स्टोअरकीपर म्हणाला, "माझं तर मागच्या खेपेला गावभर सांगितलं!"

"तुमचं सांगाले नाही लागत, भाऊ. दुरून दिसते."

मास्तरांच्या चेहऱ्यावर रेषाही हलली नाही. ते एका कागदावर वजने लिहीत होते. तलावावर पोचल्यावर त्यांनी नियम सांगितले. फेऱ्या संपेपर्यंत कोणी काही खायचे नाही, प्यायचे नाही. जो जिथे बसला, तिथेच बसायचे. "अन् शेषराव, तोंडातलं पान आताच थुक. मधात थुकशीन तर वजन बदलन."

"बाप्पा! पानाचं बी वजन?"

"तुह्या पानाचं तर हायच."

यावेळी सकाळ-दुपार अशी वाटणी नव्हती. एक फेरी तेरा, एक फेरी अकरा, पुन्हा तेरा, पुन्हा अकरा. दर वेळी होडी काठाला आणून, इंजिन वर उचलून, पिन काढून पंखा बदलायचा, आणि आम्ही आठही जण ट्यूबा घालून मूर्तीसारखे बसून राहायचे. उन्ह चढले. काचनळी साहेबांच्या हातात होती. मास्तरांनी ती मुद्दाम त्यांच्याकडे दिली होती. खुणा साहेब वाचत आणि मी लिहीत असे.

तेराच्या फेरीत होडीचे नाक वर उचललेले राही, मागचा भाग पाण्यात रुतलेला, इंजिन घुमत राही. अकराच्या फेरीत थोड्याच अंतरात नाक खाली येई आणि होडी पाणी फाडण्याऐवजी पाण्यावर चढून चाले. तिसऱ्या वेळी अकराची फेरी संपली, तेव्हा साहेबांनी नळी डोळ्यांसमोर धरली, पुसली, पुन्हा धरली.

"अरे, पेट्रोल तर पुन्हा तितकंच उरलं."

"मोठ्यानं आकडा सांगा साहेब, बाबूले लिहायचा हाय," मास्तर म्हणाले.

बारा फेऱ्या झाल्या. तेराचा आकडा पहिल्या प्रयोगातल्यासारखाच आला. कारण त्या वेळी पोती कोरडी होती आणि ते माप खरेच होते. अकराचा आकडा मात्र त्याच्या खाली उतरला, आणि एकाही फेरीत वर गेला नाही. रिकाम्या होडीला तेरा वेगवान, भरलेल्या होडीला अकरा काटकसरीचा : उत्तर दोन तुकड्यांत होते आणि पुराच्या कामाला दुसरा तुकडा लागू होता.

होडीतून उतरताना साहेब म्हणाले, "मास्तर, फोरमनच्या जागेचं मी आता काही सांगू शकत नाही. मागे घेतलेला अहवाल फाइलीत जाईल."

"जाऊ द्या. फक्त मागणीत अकरा लिहा."

"ते लिहितो." मग सगळ्यांच्या देखत त्यांनी कमरेची ट्यूब काढून मास्तरांच्या हातात दिली आणि विचारले, "आता चहा प्यायला हरकत नाही ना?"

सोमवारी मागणीपत्र गेले, त्यात अकरा होता. फोरमनची जागा दोन महिन्यांनी दुसऱ्याला मिळाली. नव्या फोरमनला मास्तरांनी पहिल्या दिवशी होडीत बसवून तलावावर नेले आणि परत आल्यावर आम्हाला एवढेच सांगितले, "शिकन." वहिनी मला म्हणाल्या, "पगार वाढला असता तर बरं झालं असतं, बाबू. पण त्या रविवारी घरी आले अन् तीन दिवसांनी पोटभर जेवले. ते बी पाह्यलं मीनं."

त्या पावसाळ्यात कन्हान दोनदा चढली. पहिल्या खेपेनंतर नदीकाठच्या तालुक्यातून एक होडीचालक इंजिनाची पिन बदलून घ्यायला आला. तो आम्हा कोणाला ओळखत नव्हता. बाकावर बसून तो सांगू लागला, की नऊ माणसे आणि बाळंत व्हायला आलेली एक बाई घेऊन तो प्रवाहाच्या विरुद्ध पलीकडच्या टेकाडावर पोचला, तेव्हा टाकीत तळाला थोडे पेट्रोल उरले होते. "पंखा चांगला दिला तुम्ही," तो म्हणाला.

मास्तर पिन घासत होते. मी वाट पाहत होतो, की आता ते विचारतील, कोणत्या कामाला चांगला. पण त्यांनी मान वर केली, त्या माणसाकडे पाहिले आणि विचारले, "बाळंतीण बरी हाय का?"

"हाव. पोरगी झाली."

"वजन किती?" मास्तर म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मास्तर हसत नव्हते; ते खरेच विचारत होते. त्या माणसाला वजन माहीत नव्हते. मास्तरांनी पिन बसवून दिली, ती दोनदा ओढून पाहिली आणि मग त्याला जाऊ दिले.

माझ्या नंतरच्या आयुष्यात मी अनेक विद्वान माणसांच्या हाताखाली काम केले. आपले म्हणणे सिद्ध करणारी माणसे त्यांत पुष्कळ होती. आपल्या सहीखालचा आकडा पुसायला भर उन्हात साहेबाच्या दारी जाणारा मी एकच पाहिला आणि त्याच्या होडीतले पाणी मी उपसले आहे.

या लेखातले निष्कर्ष एका जुन्या होडीवर, एका इंजिनावर आणि आठ माणसांच्या वजनावर काढलेले आहेत. आपली होडी, इंजिन किंवा ओझे वेगळे असेल, तर उत्तर वेगळे येऊ शकते. म्हणून वाचकांना विनंती आहे, की त्यांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. दोन्ही पंखे आळीपाळीने लावून, मोजून, स्वतः खात्री करून घ्यावी.